वस्तऱ्याने दाढी: हनुवटीच्या कोपऱ्यात आणि जबड्याखालीच काहून कापते?

उमरेड_रोड

मंडळी, तीन आठवड्यांपासून वस्तऱ्याने दाढी करून राहिलो. सलूनमध्ये असतो तसाच, अर्धे ब्लेड घालायचा स्टीलचा वस्तरा, नागपूरच्या इतवारीतून घेतला. गाल आता बरे जमतात. पण तीन जागा दर वेळी कापतात: हनुवटीचा उजवा कोपरा, जबड्याच्या हाडाखालची कड आणि कल्ल्याजवळ कानाची पाळी. जखम खोल नसते, पण तुरटी फिरवली की मिरची लागल्यासारखे होते. मानेवर कापत नाही, तिथे बारीक लाल ठिपके उठतात आणि दुपारपर्यंत आग राहते.

सवयी आधीच सांगून ठेवतो. आंघोळीनंतर दाढी करतो. ट्यूबमधले क्रीम, ब्रशने फेस. घरी बोअरचे पाणी. आधी सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेने, लगेच उलटा. व्हिडिओत सगळे ३० अंशांचा कोन सांगतात, पण आरशासमोर उभे राहून ३० अंश मोजायचे कसे ते कोणी सांगत नाही.

दुसरे म्हणजे, घरात आजोबांचा जुना वस्तरा निघाला. पात्याच्या दांड्यावर झोलिंगेन कोरलेले आहे, मूठ शिंगाची वाटते, थोडा गंज आहे. गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो, त्याच्याकडून करून घेतली तर चालेल का?

धोकटी

दुसऱ्याचे उत्तर आधी, कारण ते तातडीचे आहे: सायकलवाल्याला तो वस्तरा दाखवूसुद्धा नका. का ते इथे कोणीतरी सांगेलच.

आता कापण्याचे. वस्तरा धारेच्या काटकोनात पुढे गेला तर केस कापतो. धारेच्या लांबीत, म्हणजे आडवा, जरासा जरी सरकला तरी कातडी चिरतो. टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून दाबली तर टोमॅटो चेपतो, थोडी ओढली की साल लगेच उघडते. तेच इथे होते. गाल सपाट, म्हणून हात सरळ उतरतो. हनुवटीच्या कोपऱ्यावर आले की तुम्ही नकळत मनगट वळवता. मग पाते मनगटाभोवती कमानीत फिरते आणि त्या कमानीत आडवी सरक येतेच. त्यात उंचवट्यावर धारेचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर टेकलेला असतो, हाताचा सगळा भार तेवढ्याच जागेवर पडतो.

म्हणून कोपऱ्यावर पाते वळवायचे नाही. कातडी ओढून कोपरा सपाट जागेवर आणायचा. खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, हनुवटी ताणली जाते. डाव्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटीची कातडी डावीकडे सरकवा, उजवा कोपरा समोर येतो. आता मनगट बांधल्यासारखे ठेवून एक-दीड सेंटिमीटरची ओढ. पाते उचला, पुन्हा टेकवा, पुन्हा ओढ. हनुवटीला अशा आठ-दहा ओढी लागतात. सलूनमधला कारागीर एका झोकात करतो ते बघून शिकू नका. त्याची बोटे कातडी कुठे नेतात ते बघा.

जबड्याखाली कारण थोडे वेगळे आहे. वरून येणारी ओढ हाडाची कड ओलांडून खाली गेली की तिथली कातडी सैल असते. पात्यापुढे तिची घडी उठते आणि धार घडीत शिरते. गालावरची ओढ हाडावरच थांबवा. मग मान विरुद्ध बाजूला कलती करून गालाची कातडी बोटांनी दोन-तीन सेंटिमीटर वर ओढा. जबड्याखालचे केस हाडावर चढून येतील, ते तिथेच काढा. म्हणजे हाडाखाली पाते न्यायची गरजच फारशी उरत नाही.

कानाची पाळी कापते ती धारेने कापत नसावी, ब्लेडच्या कोपऱ्याने कापते. अर्धे ब्लेड बसवताना दोन्ही टोकांना किती बाहेर आहे ते उजेडात बघा. एका टोकाला जास्त निघाले असेल तर काढून पुन्हा बसवा. कल्ल्याची पहिली ओढ सुरू करण्याआधी पाळी मागे दुमडून धरा आणि कानाकडचे टोक सतत डोळ्यांसमोर ठेवा. टोक दिसत नसेल तर हात चालवायचा नाही.

कोन मोजायची सोपी रीत: पाते गालावर पूर्ण सपाट टेकवा. आता पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, इतकी उचला की गालापासून तिची उंची पात्याच्या रुंदीच्या निम्मी होईल. हाच ३० अंश. पाते १६ मिलिमीटर रुंद असेल तर पाठीखाली ८ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीचे नख मावेल इतकी जागा. यापेक्षा फार खाली पाठ आली तर पाते केस ओढते, वर गेली तर कातडी खरवडते. कानाने पण कळते. बरोबर कोनात बारीक खरखर ऐकू येते. आवाज बंद झाला की एक तर पाते आडवे पडले आहे, नाही तर त्या जागेवर केसच उरले नाहीत.

आणि उलटा हात दोन महिने बंद. मानेवरचे लाल ठिपके त्याचेच आहेत. पहिला हात सुलटा, पुन्हा फेस लावून दुसरा हात केसांना आडवा, बस. गुळगुळीत होणार नाही, पण ऑफिसला जाण्याइतकी दाढी होते.

कूलरसमोर

बोअरच्या पाण्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला चिकटते आणि न विरघळणारा साका तयार होतो, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो तोच. फेस दिसायला भरपूर, पण आतून पोकळ, आणि मिनिटाभरात बसतो. बसलेल्या फेसावर पाते अडखळते, अडखळले की माणूस जोर लावतो. फेसापुरते आरओचे कोमट पाणी घ्या, अर्धा कप पुष्कळ झाला.

क्रीम बदामाएवढे. ब्रश भिजवून झटकून घ्या, वाटीत आधी क्रीम घोटा, मग बोटाने पाण्याचे थेंब टाकत जा. उंच शिखरे उभी राहणारा कोरडा फेस व्हिडिओत छान दिसतो, वस्तऱ्याला तो नको. घट्ट दह्यासारखा, चकाकणारा आणि बोटांत घासला तर निसरडा लागणारा पाहिजे. बुडबुडे डोळ्यांना दिसत असतील तर अजून घोटा.

बाकी उन्हाळ्यात कूलर बंद करूनच दाढीला बसायचे. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या झोतात फेस दोन मिनिटांत पापडासारखा होतो. पूर्ण चेहऱ्याला एकदम फेस लावू नका, एक बाजू करून मग दुसरी. पावसाळ्यात उलटे, घामाने कातडी हातातून निसटते. त्यासाठी तुरटीचा खडा ओला करून डाव्या हाताच्या बोटांवर घासा. बोटे चिकट होतात, ताण सुटत नाही.

पोलाद_पारखी

धोकटींचे बाकी सगळे मान्य, पण सुरुवातच चुकीच्या हत्याराने झाली आहे. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा शिकायला सगळ्यांत कठीण. ब्लेड ताठ, पाते हलके आणि कोपरे उघडे. खऱ्या, म्हणजे ब्लेड न घालायच्या वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी कोरून पातळ केलेले असते, ते किंचित लवते आणि चुकीच्या कोनाला थोडी माफी देते. वजनही अंगचेच असते, हाताने दाबावे लागत नाही. नवशिक्याने ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचे, गोल टोकाचे पाते घ्यावे. चौकोनी टोकाचे पाते नाकाखाली आणि कानापाशी बोचते.

तीन आठवडे झालेत तर आता बदल करायला हरकत नाही. फक्त ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, बिन नावाचे चकचकीत स्टेनलेस वस्तरे घेऊ नका. दिसतात खऱ्या वस्तऱ्यासारखे, पण मऊ पोलादावर धार टिकत नाही. काहींचे पाते इतके वाकडे असते की दगडावर ठेवले तर मधोमध उजेड दिसतो.

धोकटी

पारखीभाऊ, कागदावर बरोबर. पण खऱ्या वस्तऱ्याला दाढीआधी प्रत्येक वेळी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे लागते आणि नवशिका पट्ट्यावर पहिल्याच आठवड्यात धार घालवतो. मग बोथट पात्याने दाढी, मग जोर, मग कापणे. त्याला कळतच नाही की चूक हाताची की धारेची. अर्ध्या ब्लेडमध्ये धारेचा प्रश्न मिटलेला असतो. कापले तर हाताची चूक, हे नक्की. शिकणाऱ्याला एवढे कळले तरी पुष्कळ. शिवाय ब्लेड काढून नुसत्या साच्याने फेसावर हात बसवता येतो. आठवडाभर रोज पूर्ण चेहरा रिकाम्या वस्तऱ्याने करा, कोणत्या जागी मनगट वळते ते आरशात दिसते.

फुग्यावर फेस लावून करायचा सराव सांगतात, तोही वाईट नाही. कोपरा टोचला की फुगा लगेच सांगतो. पण फुग्याला सैल कातडी नसते, त्यामुळे जबडा काही त्यातून शिकता येत नाही.

ब्लेड अखंड पाकिटातच मधोमध वाकवून मोडा, बोटे वाचतात. एक अर्धुक दोन-तीन दाढ्या, मग टाकून द्या. ओढायला लागल्यावर काटकसर करू नका, ब्लेड स्वस्त आहे. सुरुवातीला फेदर कंपनीच्या ब्लेडसारखे अति धारदार ब्लेड नको. हात हलका झाला की मग बघा.

उमरेड_रोड

धन्यवाद. ब्लेड काढून बघितले, खरेच एका टोकाला सव्वापट बाहेर होते. कानाचे कोडे सुटले.

दोन शंका. डाव्या गालाला डावा हात वापरायचा की उजवाच आडवा आणायचा? आणि मानेवर सुलटे कुठे आणि उलटे कुठे हेच कळत नाही, केस सगळीकडे फिरलेले आहेत.

महालवाला

हाताबद्दल दोन्ही पंथ आहेत. डाव्या हाताने केले तर कोन सहज मिळतो आणि आरशात पाते लपत नाही, पण हात कच्चा असतो. उजवाच हात चेहऱ्यासमोरून आणला तर हात पक्का, पण कोपर नाकासमोर येते आणि नेमके पाहायचे ते झाकले जाते. तुमचे तीन आठवडे उजव्याने गेले असतील तर तोच ठेवा. ताण द्यायचा हात मात्र डोक्यावरून आणा: डावा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कल्ल्याजवळची कातडी वर ओढायची. दिसते विचित्र, पण आरसा मोकळा राहतो.

पकड पण एकदा तपासा. अंगठा दांड्याच्या खालच्या बाजूला, पात्याच्या अगदी जवळ. तर्जनी, मधले आणि अनामिका दांड्याच्या पाठीवर. करंगळी दांड्याच्या मागे निघालेल्या शेपटीच्या वळणात. मूठ वर उघडलेली, पात्याशी साधारण काटकोनात. मुठीत आवळून पकडले की जोर आपोआप लागतो. या पकडीत जोर लावायचा म्हटले तरी फार लागत नाही.

मानेचा नकाशा दाढी वाढलेली असताना काढायचा. दोन दिवसांची दाढी घ्या, कोरड्या बोटाने चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने मऊ लागते ती सुलटी. बोटाला नीट कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, उलट्या दिशेला धागे अडकतात. बहुतेकांच्या मानेवर कंठमण्याच्या खाली केस वर जातात आणि जबड्याखाली आडवे, कानाकडे किंवा मागच्या बाजूला. म्हणजे मानेच्या तळाशी वस्तरा वरच्या दिशेने नेला तर तो सुलटा हात असू शकतो. तुम्ही वरून खाली ओढून त्यालाच सुलटे समजत असाल, तर लाल ठिपके पहिल्याच हातात उठत असणार.

कंठमण्यावर पाते न्यायचे नाही. घोट गिळून तो वर गेला की कातडी बोटांनी बाजूला घ्या, सपाट जागेवर काढा, मग दुसऱ्या बाजूला घेऊन उरलेले.

पोलाद_पारखी

आता आजोबांच्या वस्तऱ्याकडे येतो, कारण तो वाचवण्यासारखा आहे. झोलिंगेन हे जर्मनीतले गाव आहे. तिथे बनलेल्या पात्यांनाच ते नाव लावता येते, १९३८ पासून तसा कायदाच आहे.

सायकलवाला का नको ते बघा. वस्तऱ्याची पाठ जाड का असते? दगडावर ठेवताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंश. कोन हाताने सांभाळावाच लागत नाही. फिरत्या चाकावर विळा धरतात तसा हा धरला की फक्त धारेचा भाग खातो, कोन मोठा होतो आणि पाठीशी असलेला हिशोब तुटतो. दुसरे नुकसान उष्णतेचे. धारेजवळ पाते कागदासारखे पातळ असते, कोरड्या चाकावर क्षणात तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. धारेवर निळसर झाक आली तर तेवढा भाग मऊ झाला समजा. तो पूर्ण घासून काढल्याशिवाय इलाज नाही.

आधी तपासणी. गंज कुठे आहे? पाठीवर किंवा दांड्यावर असेल तर काळजी नाही. धारेला लागून काळे खड्डे असतील तर घासताना तिथे धार चुरते. पाते तिरप्या उजेडात धरून बघा, चीर तर नाही ना. मूठ बंद केल्यावर पाते दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसले पाहिजे, एका बाजूला टेकत असेल तर दर वेळी बंद करताना धार मोडेल.

साफ करताना धारेवर मास्किंग टेपची दुहेरी पट्टी चिकटवा. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून लांबीच्या दिशेने घासा, बोट कधीच पाठीकडून धारेकडे नेऊ नका. सोनेरी अक्षरे असतील तर त्यांच्यापासून लांब राहा, एका फटक्यात जातात. शिंगाची मूठ गरम पाण्यात बुडवली की वाकते. तिला फक्त ओल्या फडक्याने पुसा आणि तेलाचे बोट लावून रात्रभर ठेवा.

मग दगड. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कुरुंदाचा दुरंगी दगड विळीसाठी ठीक, वस्तऱ्याला फार जाडाभरडा. १००० नंबरचा दगड मूळ उतार बसवायला, मग ४०००, ८००० आणि जमले तर १२०००. आधी दगड सपाट करून घ्या: त्यावर पेन्सिलने चौकटी आखा, ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ओला पॉलिश पेपर ठेवून चौकटी पुसेपर्यंत घासा. मध्यभागी रेघा उरल्या म्हणजे दगड खोलगट झाला आहे.

पाठीवर इलेक्ट्रिकच्या टेपचा एक थर लावला तर पाठ झिजत नाही. पाते सपाट ठेवून धार पुढे करून ढकला. जाताना टाचेकडून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने, टोकाकडे तिरके नेत जा, कारण दगड पात्यापेक्षा अरुंद असतो. वळवताना पाठीवर पालथे करा, धारेवर कधीच नाही. १००० वर काम कधी संपले? पात्याच्या पूर्ण लांबीवर मनगटाची लव कातडीला न टेकता कापली जायला लागली की. हे झाल्याशिवाय पुढच्या दगडावर जाऊ नका. बहुतेक बिघाड इथल्या घाईतून होतो. नंतर ४००० वर २०-३० फेर, ८००० वर तितकेच, आणि शेवटचे दहा फेर फक्त पात्याच्या वजनाने. अंगठ्याने धार बघायची सवय मात्र सोडा. उजेडाखाली धार वर करून धरा, जिथे चमकणारी रेघ दिसते तिथे ती बोथट आहे. धार लागलेल्या ठिकाणी उजेड परततच नाही.

हे सगळे पहिल्यांदा करायला आजोबांचा वस्तरा घेऊ नका. जुन्या बाजारात एखादा टाकाऊ वस्तरा मिळाला तर त्यावर हात बसवा.

तुरटी_वाटी

कापल्यावरचे राहिले. थंड पाण्याने धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिले की गोठलेले रक्त निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग तुरटी ओली करून फिरवा, अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. तुरटी लागलेल्या बोटांनी पात्याला हात लावू नका, तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते आणि कार्बन पोलाद लगेच डागाळते. दाबूनही पंधरा मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहात जखमा लवकर भरत नसतील तर वस्तऱ्याचा नाद सोडा, साधा सेफ्टी रेझर घ्या. तीळ, चामखीळ आणि पिकलेली पुटकुळी यांच्या कडेने जायचे, वरून नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षे होऊन गेली असतील तर घेऊन टाका.

वस्तरा हातातून सुटला तर पाय मागे घ्या आणि पडू द्या. झेलायचा नाही. फरशीवर पडून पात्याचे टोक उडाले तरी परवडते.

घरात दोघे करत असतील तर ब्लेड वेगवेगळे. रक्त डोळ्यांना दिसले नाही तरी धारेवर असते, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. वापरलेली अर्धुके कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, गाडीवाल्याच्या हातात जातात. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा ठेवा, भरला की झाकण चिकटवून वर लिहून द्या.

उमरेड_रोड

तीन दिवस उलटा हात बंद केला, मानेची आग गेली. हनुवटीवर काल कापले नाही, आज परत जरासे लागले, पण आज दाढी दोन दिवसांची होती आणि फेस लावल्याबरोबर सुरू केली.

पारखीदादा, पट्ट्याचे विचारतो. चामड्याचा जुना कमरेचा पट्टा आहे, तो चालेल का? आणि आजोबांचा वस्तरा सध्या बाथरूमच्या कपाटात आहे, तिथे राहू द्यायचा?

कूलरसमोर

आजच्या कापण्याचे कारण तुम्हीच लिहिले आहे. आंघोळीनंतर असो की आधी, फेस लावून दोन-तीन मिनिटे थांबा. केस पाणी पिऊन मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. तेवढ्या वेळात पाते गरम पाण्यात धरा.

पोलाद_पारखी

बाथरूममधून आजच बाहेर काढा. जून ते सप्टेंबर तिथली हवा कधी सुकतच नाही. चामड्याच्या खोळीत पण नको, चामडे ओल धरून ठेवते. पाते धुऊन, पाठीकडून धारेकडे मऊ कापडाने टिपून, तासभर उघडे ठेवा आणि कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवा. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो. खोबरेल नको. डिसेंबरात आपल्याकडे ते थिजते आणि पुढे चिकट होते. मुठीतल्या खिळ्याच्या आसपास पाणी राहते, तिथे कानात घालायच्या काडीने टिपा. गंज तिथूनच सुरू होतो, बाहेरून दिसत नाही.

कमरेचा पट्टा चालेल, पण शिवण, नक्षी किंवा रंगाचा जाड थर नसेल तर. आतली बाजू खडबडीत असते, बाहेरची गुळगुळीत बाजू वापरा. रुंदी पाच-सहा सेंटिमीटर असेल तर उत्तम, कमी असेल तर दगडावर नेतो तसे तिरके न्यायचे. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरे हातात, पट्टा ताठ पाहिजे. झोळ पडला की धार गोल होते.

दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. पाते आणि पाठ दोन्ही टेकवून ओढा, शेवटाला पोचले की पाठीवर पालथे करून परत. पाठ पट्ट्यावरून उचलली जाता कामा नये, आणि परतायच्या क्षणीच ती उचलली जाते, म्हणून पहिले काही दिवस इतके हळू करा की कंटाळा येईल. पट्ट्यावर चिरा पडतात त्या याच जागी. आधी सुती कापडावर २० फेर, मग चामड्यावर ४०-५०, प्रत्येक दाढीआधी. इतके नीट झाले तर एकदा दगडावर लावलेली धार दोन-तीन महिने सहज जाते. ओढायला लागली की कापडावर अर्ध्या मायक्रॉनचे क्रोमियम ऑक्साइड चोपडून दहा-बारा फेर द्यायचे, दगड काढायचा नाही. ते हिरवे चूर्ण चामड्याला लागू देऊ नका, चामडे साधेच राहिले पाहिजे.

पट्टा हाताशी नसेल तर वर्तमानपत्राची घडी टेबलाच्या कडेला ताणून धरा आणि त्यावर ५० फेर मारा. शाई आणि कागदाचा बारीक कण मिळून काम बऱ्यापैकी होते. चकचकीत पुरवणी नको, साधा पातळ कागद घ्या.